थंडी नसताना लागणारी थंडी

जुन्या काळी इमारतीतले सांडपाण्याचे नळ कुठे गळताहेत हे शोधायची एक नामी युक्ती होती. एक प्लंबर छतावर चढायचा, हवेसाठी वर काढलेल्या नळाच्या तोंडात थोडं पेपरमिंटचं तेल ओतायचा, त्यावर बादलीभर गरम पाणी टाकायचा आणि तोंड घट्ट बंद करायचा. खाली त्याचा जोडीदार खोल्याखोल्यांतून नाक लावून फिरायचा. जिथे पेपरमिंटचा वास आला तिथे गळती. या कामातला एक नियम मात्र फार कडक होता : ज्याने तेल ओतलं त्याने तपासणी संपेपर्यंत खाली यायचं नाही. तो खाली आला असता, तर नुसत्या त्याच्या हाताच्या आणि कपड्यांच्या वासाने इमारतभर गळती असल्याचा भास झाला असता.

पेपरमिंटच्या तेलाबद्दल कुणी विचारलं की मला आधी हा छतावर अडकलेला माणूस आठवतो. हल्ली ही इवलीशी बाटली घरोघरी पोचली आहे. डोकं दुखलं, नाक चोंदलं, पोट बिघडलं, प्रवासात मळमळलं की ती बाहेर निघते, आणि ‘वनस्पतीचं आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य तिच्यासोबतच येतं. त्याने पुष्कळ काही होतं. म्हणून तर ते औषध आहे. या तेलाविषयी वाचत गेले तसतसं एक गोष्ट मनात पक्की होत गेली, की त्याचे गुण आणि त्याचे धोके ही दोन वेगळी खाती नाहीतच. जो गुण पोटाला आराम देतो तोच छातीत जळजळ करतो. जो गुण मोठ्या माणसाला मोकळा श्वास घेतल्याचं समाधान देतो तोच तान्ह्या बाळाचा श्वास रोखू शकतो.

आधी झाडाची ओळख. पेपरमिंट ही पुदिन्याच्या कुळातली संकरित वनस्पती आहे. पाणथळ जागी वाढणारा वॉटरमिंट आणि स्पिअरमिंट या दोघांपासून ती झाली. इंग्लंडमधले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे यांनी १६९६ साली तिची नोंद केली आणि १७५३ मध्ये लिनियसने तिला मेंथा पिपेरिटा हे नाव दिलं. पिपेरिटा म्हणजे मिरीसारखी तिखट. पान चावून पाहिलं की आधी तिखट झणका येतो आणि पाठोपाठ गारवा, तेव्हा नाव अगदी चपखल आहे. संकरामुळे ही वनस्पती वांझ आहे. तिचं बी उपयोगाचं नसतं, त्यामुळे लागवड जमिनीलगत पसरणाऱ्या धावत्या खोडांच्या तुकड्यांपासूनच करावी लागते. लंडनजवळच्या मिचम गावाने अठराव्या शतकात हिच्या शेतीत नाव कमावलं, आणि ‘ब्लॅक मिचम’ या वाणाचे तुकडे तिथून समुद्रापार गेले.

तुकड्यातून वाढवलेली सगळी रोपं एकसारखी. याचा फायदा असा, की तेलाचा दर्जा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तोटा असा, की एका रोपाला मारणारा रोग सगळ्यांना मारतो. अमेरिकेत व्हर्टिसिलियम नावाच्या मातीतल्या बुरशीने मिशिगनमधली पेपरमिंटची शेती अक्षरशः बसवली. फुलाला फूल लावून प्रतिकारक वाण काढायची सोय नव्हती, कारण झाडच वांझ. मग १९५०च्या दशकात संशोधकांनी धावत्या खोडांवर किरणोत्सर्गाचा मारा केला, त्यातून उगवलेली असंख्य रोपं त्या रोगट जमिनीत लावली, आणि जी तगली त्यांतून निवड करत ‘टॉड्स मिचम’ हा वाण १९७१ मध्ये आणला. ‘नैसर्गिक’ या शिक्क्याखाली विकल्या जाणाऱ्या तेलामागे हा इतिहास आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट त्या चिकाटीचं कौतुकच वाटतं.

पेपरमिंटचं ताजं पान हाती लागलं तर दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली जरूर पाहा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ भिंग खाली ठेववेना. पानाच्या पाठीवर, शिरांच्या मधल्या खळग्यांत, पिवळसर चकचकीत ठिपके विखुरलेले असतात. या तेलाच्या ग्रंथी. प्रत्येकीच्या डोक्यावर आठ पेशींची चकती असते. त्या पेशी तेल तयार करतात आणि ते वरच्या पातळ पापुद्र्याखाली साठवतात. पापुद्रा फुगून घुमटासारखा होतो. सुईचं टोक हलकेच टेकवलं की ठिपका विझतो आणि वास उसळतो. पान चोळल्यावर वास का येतो, आणि न चोळता नुसतं जवळ नेलं तर तितका का येत नाही, याचं उत्तर त्या फुटलेल्या ठिपक्यात आहे. झाड हे तेल आपल्यासाठी करत नाही. पान कुरतडायला येणाऱ्या किड्याच्या तोंडात फुटावं म्हणून ते तिथे ठेवलेलं असतं.

आणि हे तेल बनतं कसं, तर टप्प्याटप्प्याने. सुरुवात लिमोनिनपासून होते; संत्र्याच्या सालीत ज्याचा वास असतो तेच हे द्रव्य. त्यावर एकामागून एक विकरं, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारी प्रथिनं, काम करतात, वाटेत पुलेगोन तयार होतं, त्याचं मेंथोन होतं आणि शेवटी मेंथॉल, ज्याच्यामुळे गारवा जाणवतो ते द्रव्य. कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं, पान जून होत जातं तसं त्याचं मेंथॉलमध्ये रूपांतर होत जातं. म्हणूनच कापणीची वेळ साधणं ही या शेतीतली खरी कसोटी. फार लवकर कापलं तर मेंथॉल कमी पडतं आणि वास हिरवट, उग्र राहतो. फुलोरा भरात येऊ दिला तर मेंथोफ्युरान वाढतं आणि तेलाला जडपणा येतो.

स्पिअरमिंटचं झाडही याच लिमोनिनपासून सुरुवात करतं, पण त्याचं विकर लिमोनिनच्या रेणूवर दुसऱ्याच जागी ऑक्सिजन बसवतं आणि पुढे मेंथॉलऐवजी कार्व्होन तयार होतं. त्यामुळे स्पिअरमिंटला वास गोडसर असतो, पण तो झोंबरा गारवा नसतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात रॉडनी क्रोटो यांच्या प्रयोगशाळेने २००० साली दाखवलं, की स्पिअरमिंटच्या या विकरातलं एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एकच कडी, बदललं की ते पेपरमिंटच्या विकरासारखं वागू लागतं. दोन वासांमधलं अंतर एवढंच. हे वाचल्यापासून दोन्ही पानं शेजारी ठेवून हुंगताना मला वेगळीच मजा येते.

तेल काढायची रीत आहे वाफेची. कापलेलं पीक शेतातच ओळींत थोडं सुकू देतात, म्हणजे पाणी उडतं आणि टाकीत जास्त माल मावतो. मग ते बारीक करून बंद टाकीत दाबून भरतात आणि तळाच्या नळ्यांमधून वाफ सोडतात. आता गंमत पाहा. मेंथॉलचा उत्कलनबिंदू सुमारे २१२ अंश सेल्सिअस. वाफ तर शंभर अंशांचीच. तरी ते बाहेर कसं पडतं? पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापल्या बाष्पाचा दाब स्वतंत्रपणे लावतात, आणि त्या दोन दाबांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळू लागतं. हे शंभर अंशांच्या किंचित आधीच घडतं. दोनशे अंशांच्या भट्टीत करपून गेलं असतं ते तेल असं अलगद वाफेच्या पाठीवर बसून येतं. पुढे थंड नळ्यांमध्ये वाफेचं पाणी होतं, आणि सगळं एका उभट भांड्यात जमतं. तेलाची घनता पाण्याहून कमी, ०.९०च्या आसपास, म्हणून ते वर तरंगतं. खालचं पाणी काढून टाकायचं. ताज्या पाल्याच्या शंभर किलोंमागे तेल निघतं ते काही शे ग्रॅमच. या कच्च्या तेलाला गंधकाच्या संयुगांचा एक नकोसा वास असतो, तो काढण्यासाठी त्याचं पुन्हा ऊर्ध्वपातन करतात.

शंभर किलोंमागे काहीशे ग्रॅम हे प्रमाण ध्यानात ठेवलं की ‘एक थेंब’ म्हणताना हात आपोआप आखडता होतो. पानांचा काढा आणि हे तेल यांची तुलनाच होत नाही. काढ्यात पाण्यात न विरघळणारं हे द्रव्य उतरतं तरी किती!

बाटली विकत घेताना आणखी एक गोम आहे. जगात मेंथॉलसाठी मुख्यतः जी पिकवतात ती पेपरमिंट नव्हेच. ती मेंथा आर्व्हेन्सिस, म्हणजे जपानी पुदिना किंवा नुसतं मेंथा, आणि तिचं सर्वांत मोठं उत्पादन भारतात होतं. तिच्या तेलात मेंथॉल ७० ते ८० टक्के भरतं. तेल थंड केलं की लांब सुयांसारखे स्फटिक धरतात, ते वेगळे केले की उरतं ते मेंथॉल कमी झालेलं तेल. हे स्वस्त पडतं आणि पुष्कळदा पेपरमिंटच्या नावाने किंवा त्यात मिसळून खपवलं जातं. खऱ्या पेपरमिंट तेलात युरोपियन फार्माकोपियाप्रमाणे, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रंथाप्रमाणे, मेंथॉल ३० ते ५५ टक्के आणि मेंथोन १४ ते ३२ टक्के असावं लागतं, आणि थोडं मेंथोफ्युरान असतंच. जुन्या औषधनिर्मात्यांची एक सुंदर परीक्षा होती : तेलात ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ पाणीच नसलेलं, ॲसिटिक आम्ल घालून ठेवायचं, मेंथोफ्युरान असेल तर मिश्रणाला निळा रंग चढतो. मेंथाच्या तेलाला तो चढत नाही. आता हे काम गॅस क्रोमॅटोग्राफ हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र करतं. आपण निदान बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का एवढं तरी पाहावं. नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

या तेलाच्या ज्या गुणासाठी आपण ते हातात घेतो, त्या गारव्याचं कोडं सुटलं ते अगदी अलीकडे. मेंथॉल काहीही थंड करत नाही. कपाळावर लावल्यावर मोजमाप केलं तरी त्याच्यामुळे तिथली उष्णता कुठे गेलेली नसते. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधून काढलं, की आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचं एक प्रथिन असतं. तापमान २५ अंशांच्या आसपास किंवा खाली गेलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘थंडी आहे’ असा निरोप जातो. मेंथॉल नेमकं याच प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि नेहमीच्या उबेतही त्याला उघडायला लावतं. म्हणजे निरोप खरा, पण थंडी नाही. स्पर्श आणि तापमान जाणवून देणाऱ्या अशा प्रथिनांवरच्या कामासाठी या दोघांना २०२१चं नोबेल मिळालं.

हे एकदा कळलं की बाकीच्या बऱ्याच गाठी सुटतात. सर्दीत मेंथॉल हुंगलं की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. कार्डिफच्या रॉन एक्लिस यांनी नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा प्रत्यक्ष मोजला. तो जराही कमी झाला नव्हता, आणि तरीही लोक सांगत होते की श्वास छान चालला आहे. आत जाणारी हवा गार लागली की मेंदू समजतो, वाट मोकळी आहे. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा सुकलेल्या माणसाला हे समाधानही थोडं नसतं. मी स्वतः ते घेते. पण खरोखर धाप लागलेल्या, दम्याने कासावीस झालेल्या माणसाला हे तेल हुंगायला देऊन ‘आता बरं वाटेल’ म्हणणं धोक्याचं आहे. बरं वाटेल, आणि वेळ निघून जाईल.

भाजल्यावर गार वाटतं म्हणून लावणं हेही तसंच. भाजलेल्या जागेची उष्णता वाहत्या पाण्याने निघते. उलट तीव्र मेंथॉलच्या मलमांनी काही जणांची त्वचा भाजल्यासारखी सोलवटल्याच्या तक्रारी आल्यामुळे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. अशा मलमावर गरम पिशवी तर ठेवूच नये.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. लहान बाळाच्या नाकाशी मेंथॉलचा तीव्र वास गेला की प्रतिक्षिप्त क्रियेने स्वरयंत्र आवळू शकतं, श्वास थांबू शकतो. मोठ्यांच्या नाकातली तीच जाणीव, तेच मज्जातंतू, पण बाळाचा देह तिला अशा रीतीने उत्तर देतो. म्हणूनच युरोपियन औषध संस्थेच्या सूचनांमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी पेपरमिंट तेल वर्ज्य आहे. छातीला चोळायला, उशीवर शिंपडायला, रुमालावर टाकून पाळण्याला बांधायला, कशालाच नाही. प्रेमापोटी केलेल्या गोष्टी असतात या, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकांमध्ये मेंथॉलमुळे कावीळ बळावल्याच्याही नोंदी आहेत.

पोटासाठी मात्र या तेलाने आपली योग्यता बरीचशी सिद्ध केली आहे. आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये कॅल्शियमचा शिरकाव ते रोखतं आणि पेटका सैल होतो. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्यांत काही न सापडता पोटात मुरडा, फुगारा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असं चालू राहणारं दुखणं, त्यात या तेलाच्या कॅप्सूल देतात. २००८ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात चार चाचण्या आणि ३९२ रुग्ण होते; त्यात साधारण अडीच रुग्णांना उपचार दिले की एकाला निश्चित फायदा, असा हिशेब निघाला. फार चांगला आकडा. पण २०२०मध्ये नेदरलँड्समधल्या १९० रुग्णांच्या चाचणीत मुख्य निकषावर तेल आणि खोटी गोळी यांत ठोस फरक दिसला नाही, काही दुय्यम तक्रारींत मात्र सुधारणा दिसली. मला हे दोन्ही निकाल शेजारी ठेवलेले आवडतात. २०२१च्या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी तरीही त्याची शिफारस ठेवली आहे.

या कॅप्सूलवर खास आवरण असतं, ते जठरात विरघळत नाही, पुढे आतड्यात विरघळतं. त्याला कारण आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायूही हे तेल सैल करतं, मग आम्ल वर येतं आणि छातीत जळजळतं. म्हणून कॅप्सूल चावायची नाही, आणि आम्लता मारणाऱ्या औषधाबरोबर घ्यायची नाही, कारण आम्ल कमी झालं की आवरण आधीच सुटतं. पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि बाटलीतलं तेल थेंबाथेंबाने पाण्यात टाकून पिणं हा कॅप्सूलला पर्याय नव्हे. तेल पाण्यात मिसळत नाही. ते वर तरंगतं आणि जसंच्या तसं घशाला लागतं.

डोकेदुखीसाठी जर्मनीतल्या कील इथल्या हार्टमुट गोबेल यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. अल्कोहोलमध्ये दहा टक्के पेपरमिंट तेल कपाळाला आणि कानशिलांना लावलं, तर ताणाच्या डोकेदुखीत त्याचा गुण १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचा आला. दहा टक्के म्हणजे दहा टक्केच. घरी अंगाला लावायचं तर मी याहून पुष्कळ पातळ ठेवते : ३० मिलिलिटर साध्या तेलात सहा ते बारा थेंब, म्हणजे साधारण एक-दोन टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहायची. डोळ्यांच्या आसपास नाही. डोळ्यात गेलंच तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा. कुणाच्या पोटात बरंच तेल गेलं तर उलटी काढायला लावू नये. ते फुप्फुसात उतरलं तर जास्त वाईट. घरात मांजर असेल तर बंद खोलीत तेलाचा वास हवेत पसरवणारा डिफ्यूझर लावू नये, कारण मांजरीचं यकृत अशी द्रव्यं निकालात काढण्यात दुबळं असतं.

वाटेत तयार होणाऱ्या त्या पुलेगोनविषयी मुद्दाम लिहिते. चांगल्या पेपरमिंट तेलात ते अगदी थोडं असतं. पण याच कुळातल्या पेनीरॉयल नावाच्या वनस्पतीचं तेल म्हणजे मुख्यतः पुलेगोनच. यकृतात त्याची जी रूपं होतात ती यकृतालाच खातात. १९७८ साली कोलोरॅडोत अठरा वर्षांच्या एका मुलीने गर्भपातासाठी या तेलाचा एक औंस, म्हणजे जेमतेम ३० मिलिलिटर, घेतला आणि आठवड्याभरात ती गेली. वास पुदिन्यासारखाच. तीही ‘वनस्पतीच’.

घशातली खवखव बधिर करायचा गुण गोळ्यांमध्ये बरा वाटतो, पण त्याच गुणाने सिगारेटचा धूर सुसह्य केला आणि नवख्या मुलांना तो ओढायला सोपा करून दिला. युरोपीय संघाने मे २०२०पासून मेंथॉल सिगारेटवर बंदी घातली, ती यासाठीच.

साठवणीचं थोडक्यात : गडद काचेची बाटली, घट्ट बूच, गार जागा, मुलांच्या हाताला येणार नाही असा कप्पा. प्लॅस्टिकच्या डबीत नको, ते काही प्लॅस्टिकं विरघळवतं. हवा लागून जुनं झालेलं, चिकट झालेलं तेल त्वचेला जास्त झोंबतं, ते टाकून द्यावं.

१९७०च्या दशकात दाढीची पाती बनवणाऱ्या विल्किन्सन स्वोर्ड या कंपनीच्या संशोधकांना मेंथॉलचा गारवा हवा होता, पण त्याचा वास आणि झोंबणं नको होतं. त्यांनी मेंथॉलच्या सांगाड्यावरून कितीतरी नवे रेणू रचले. त्यातल्याच डब्ल्यूएस-१२ या रेणूला मे २०२५ मध्ये एफडीएने कोरड्या डोळ्यांवरचं औषध म्हणून मान्यता दिली, ॲकोल्ट्रेमॉन या नावाने. डोळ्याच्या पृष्ठभागावर गारवा टिपणारे मज्जातंतू असतात. अश्रूंचा थर उडू लागला की पृष्ठभाग थंड होतो, आणि ते तंतू नवे अश्रू मागवतात. हा थेंब टीआरपीएम८ला जागं करतो, आणि डोळा स्वतःचं पाणी स्वतः आणतो.